नाव भागिले तीन : पतसंस्थेच्या एका सॉफ्टवेअरचं पायथन २ वरून ३ वर जाणं

अहवालाच्या फाइलमध्ये एक ओळ होती. सभासदाच्या नावाची लांबी घ्या, तिला तीनने भागा, आलेला आकडा तिसातून वजा करा आणि तेवढ्या रिकाम्या जागा नावापुढे टाका. तीननेच का, हे कुठेही लिहिलेलं नव्हतं. ती ओळ २०११ सालची होती आणि लिहिणारा २०१३ मध्येच दुसरीकडे गेला होता. आठ वर्षं ती ओळ रोज चालत होती, तिच्यामुळे ठेवीदारांच्या याद्या बऱ्यापैकी सरळ रकान्यांत छापल्या जात होत्या, आणि आमच्यापैकी कुणालाही तिच्याकडे पाहायची गरज पडली नव्हती.

हे प्रकरण त्या ओळीचं आणि तिच्यासारख्या आणखी दोन-तीन जागांचं आहे. सॉफ्टवेअरच्या धंद्यात सतत बदलणाऱ्या तंत्रज्ञानाबरोबर राहायचं कसं, हा प्रश्न मी कितीतरी वर्षं चुकीच्या ठिकाणी सोडवत होते. तो कुठे सोडवायला हवा होता ते मला या कामात कळलं, म्हणून ते सविस्तर लिहून ठेवते आहे.

आम्ही कुठे उभे होतो

कंपनी पुण्यातली, लहान. काम एकाच प्रकारचं : सहकारी पतसंस्थांसाठी सॉफ्टवेअर. सभासद नोंदणी, बचत खाती, मुदत ठेवी, पिग्मी, कर्ज, सोनेतारण, रोजची दिवसअखेर आणि वर्षातून एकदा सगळ्यांचा घाम काढणारी मार्चअखेर. मी २०१५ मध्ये तिथे लागले तेव्हा आम्ही चौघं कोड लिहीत होतो. सगळं पायथन या संगणकभाषेच्या २.७ आवृत्तीवर आणि जँगो या तिच्यातल्या वेब-सॉफ्टवेअरच्या तयार चौकटीवर उभं होतं.

२०११ मध्ये पायथन २.७ निवडलं ही चूक नव्हती, हे आधीच सांगते. पुढे आमच्या बैठकांत 'तेव्हाच तीन का नाही घेतलं' असा सूर अनेकदा लागला. पायथन ३.० आलं ३ डिसेंबर २००८ ला. पण जँगोने पायथन ३ ला हात लावला तो फेब्रुवारी २०१३ मधल्या १.५ आवृत्तीत, तोही प्रायोगिक म्हणून. डेटाबेसशी बोलणारी जी लायब्ररी (इतरांनी लिहिलेला तयार कोड) आम्ही वापरत होतो ती तीनवर कधी आलीच नाही. चित्रं हाताळणारी जुनी पीआयएल २००९ नंतर थांबली आणि तिची जागा पिलोने घेतली. २०११ मध्ये पायथन ३ वर पतसंस्थेचं सॉफ्टवेअर उभं करायला घेतलं असतं, तर भिंती सोडाच, आधी विटाच भाजत बसावं लागलं असतं. नव्यात उडी न घेणं हा त्या वेळी शहाणपणा होता. तो शहाणपणा किती काळ टिकतो यावर मात्र कुणीतरी लक्ष ठेवायला हवं होतं, आणि ते कुणी ठेवलं नाही.

आमचं लक्ष दुसरीकडे होतं, सॉफ्टवेअर बांधायच्या आणि चालवायच्या नव्या साधनांकडे. २०१३ मध्ये डॉकर आलं, त्याच वर्षी रिअ‍ॅक्ट खुलं झालं. २०१५ मध्ये कुबरनेटीसची पहिली आवृत्ती. सप्टेंबर २०१६ मध्ये अँग्युलर २ आलं आणि जुन्या अँग्युलरवर घरं बांधलेल्यांना पाया नव्याने घालावा लागला. दर सहा महिन्यांनी काहीतरी नवं यायचं आणि मी मागे पडते आहे असं वाटायचं. २०१६ या एका वर्षात मी शनिवार-रविवार मोडून तीन कोर्स केले. त्यातलं एकही पतसंस्थेच्या कामात वापरलं नाही. ते ज्ञान वाया गेलं असं मी म्हणणार नाही. पण त्याच वर्षी मला कुणी विचारलं असतं, 'तुझ्या कोडमध्ये सभासदाचं नाव म्हणजे अक्षरं आहेत की बाइट?' तर मला उत्तर देता आलं नसतं. (बाइट म्हणजे संगणक मजकूर ज्यांत साठवतो ते ० ते २५५ मधले आकडे; एका अक्षराला अनेक बाइट लागू शकतात.) समोरून येणारा बदल आम्हाला दिसत होता. पायाखालचा दिसत नव्हता.

आणि पायाखालचा बदल लपून आलेला नव्हता. भागाकाराचंच घ्या. पायथन २ मध्ये सात भागिले दोन केलं की तीन यायचे, साडेतीन नाहीत. हे बदलणार असं ठरलं २००१ मध्ये. त्याच वर्षाअखेरीस आलेल्या २.२ आवृत्तीत पूर्णांक भागाकारासाठी दोन तिरक्या रेघांचं वेगळं चिन्ह दिलं आणि नवा अर्थ आधीच चालू करून पाहायची सोयही दिली. म्हणजे आमची ती 'भागिले तीन'ची ओळ लिहिली गेली त्याच्या दहा वर्षं आधीच तिला सूचना मिळालेली होती.

मुदत वाढते तेव्हा

पायथनकर्त्यांनी हा बदल जसा घडवला त्यातही शिकण्यासारखं बरंच आहे. त्यांची पहिली कल्पना अशी होती, की '२टू३' नावाचं साधन जुना कोड एकदाच भाषांतरित करील आणि लोक पलीकडे जातील. प्रत्यक्षात कुणालाच एका उडीत जाता येईना. लायब्ररी लिहिणाऱ्यांचे ग्राहक दोन्ही तीरांवर होते, त्यांना एकच कोड दोन्हीकडे चालवायचा होता. त्यातून 'सिक्स' ही छोटी लायब्ररी जन्मली (दोन गुणिले तीन सहा, म्हणून सिक्स). २०१२ मध्ये पायथन ३.३ ने जुन्या युनिकोड (जगातल्या लिप्यांच्या प्रत्येक चिन्हाला क्रमांक देणारी पद्धत) शब्दांआधीचं 'यू' हे अक्षर परत चालू केलं. ३.० ने ते काढून टाकलं होतं आणि केवळ त्यापायी हजारो ओळी दोन्हीकडे चालत नव्हत्या. २०१५ मध्ये ३.५ ने बाइटांमध्ये टक्केचिन्हाच्या जागी मूल्य बसवायची सोय परत आणली. माझ्या मते संक्रमण खरं सुरू झालं ते इथे, बदल घडवणारे दोन पावलं मागे आले तेव्हा.

पायथन २.७ चा पाठिंबा मुळात २०१५ मध्ये संपणार होता. २०१४ मध्ये ती तारीख २०२० वर नेली. जगभरच्या मोठ्या कोडसाठी हे आवश्यक होतंच. आमच्या कंपनीत मात्र त्याचा अर्थ एवढाच लावला गेला : अजून पाच वर्षं आहेत. मी रुजू झाले तेव्हा हेच वाक्य मला सांगितलं गेलं आणि मला ते ऐकून बरं वाटलं, हे कबूल करते. पाच वर्षं हा आकडा ऐकला की माणूस काम सुरू करत नाही.

आम्हाला जाग आली ती डिसेंबर २०१७ मध्ये. जँगो २.० आलं, ते फक्त पायथन ३ वर चालणारं. आम्ही तेव्हा १.८ वर होतो आणि त्याची सुरक्षा-दुरुस्ती एप्रिल २०१८ मध्ये थांबणार होती. पायथन २ वर चालणारी शेवटची जँगो म्हणजे १.११, तिचा पाठिंबा एप्रिल २०२० पर्यंत. आता रस्ता दोन्हीकडून अरुंद होत होता.

संचालकांशी बैठक झाली. त्यांनी विचारलं, "ग्राहकाला यातून नवीन काय मिळणार?"

"काही नाही, सर. सगळं नीट झालं तर त्यांना काही कळणारसुद्धा नाही."

"मग याचे पैसे मी कुणाकडे मागू?"

प्रश्न रास्त होता आणि माझ्याकडे गुळमुळीत उत्तर होतं. ज्याने बैठक फिरली ते वाक्य आमच्यातल्या सर्वांत तरुण मुलाचं. तो म्हणाला, "सर, १ जानेवारी २०२० नंतर पायथन २ मध्ये भोक सापडलं तर ते बुजवणारं कुणी नसेल, आणि आपल्याकडे लोकांच्या ठेवी आहेत." 'आधुनिक', 'जलद' असले शब्द मी तासभर वापरले होते, त्यांचा उपयोग झाला नाही. ठेवी हा शब्द त्या खोलीत सगळ्यांना कळत होता.

मार्ग असा ठरला : आधी पायथन २.७ वर राहूनच जँगो १.८ वरून १.११ वर यायचं, मग त्याच जँगोवर पायथन ३.६ घ्यायचं, आणि ते स्थिरावल्यावर जँगो २.२ वर जायचं. एका वेळी एकच पाय उचलायचा. वेगळी ब्रँच (कोडची स्वतंत्र प्रत) काढून वर्षभर तिथे काम करायचं आणि मग जोडायचं, हा विचार आम्ही सोडला. २०१७ च्या पोर्टलंडमधल्या पायकॉन या पायथनच्या संमेलनात इन्स्टाग्रामच्या अभियंत्यांनी त्यांची गोष्ट सांगितली होती : सुमारे दहा महिने, वेगळी ब्रँच नाही, मुख्य कोडमध्येच दोन्ही पायथन चालतील अशी हळूहळू दुरुस्ती. त्यांच्या आणि आमच्या आकारात मुंगी-हत्तीचा फरक. पण वेगळी ब्रँच आणि चालू काम यांची फारकत होत जाते हे चौघांच्या चमूलाही तितकंच लागू आहे.

वेळापत्रक पतसंस्थांच्या दिनदर्शिकेवर बेतलं. फेब्रुवारी ते मे कशालाही हात लावायचा नाही : मार्चअखेर, मग लेखापरीक्षण. दिवाळीच्या आसपासही नाही, तेव्हा ठेवींची गर्दी असते. उरतात जून ते सप्टेंबर. शिवाय मी एक अट घातली आणि ती मान्य झाली याचं श्रेय संचालकांना आहे : दर गुरुवार पूर्ण दिवस याच कामाचा, कार्यालयीन वेळेत. ग्राहकाचा फोन आला तर चौघांपैकी एकजण घेणार, बाकी तिघं उठणार नाहीत. बदलाशी जुळवून घेण्याचं सगळं ओझं विकासकाच्या शनिवार-रविवारवर टाकायची आपल्याकडे रीत पडली आहे, आणि ती मला मुळातच अन्यायाची वाटते. लहान मुलं असलेल्या बाईला, आजारी आईवडील सांभाळणाऱ्याला ते रविवार मिळत नाहीत. कंपनीचा पाया दुरुस्त करायचा तर तो कंपनीच्या वेळेत व्हायला हवा.

ओरडणाऱ्या चुका

पहिले तीन महिने भराभर गेले, त्यांच्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. 'प्रिंट'ला कंस लागले. नावं बदललेली मॉड्यूल बदलली. डेटाबेसची मेलेली लायब्ररी काढून तिचाच पुढचा फाटा असलेली मायएसक्यूएलक्लायंट घातली. ठेवीची रक्कम रिकामी असलेल्या नोंदी क्रमाने लावताना पायथन ३ अडायचं, कारण 'काहीच नाही' आणि आकडा यांची तुलना करायला ते नकार देतं. पायथन २ गुपचूप रिकाम्या नोंदी आधी ठेवायचं. अशा चुका कार्यक्रम बंद पाडतात, ओळ क्रमांक सांगतात आणि दुरुस्त होतात. मला त्यांच्याबद्दल कृतज्ञता वाटते.

एका गोष्टीपाशी मात्र थांबते. आमच्या मुख्य फाइलच्या माथ्यावर दोन ओळी होत्या, ज्या पायथनची मूळ संकेतप्रणाली जबरदस्तीने युटीएफ-८ (युनिकोड चिन्हं बाइटांत लिहायची पद्धत) करायच्या. भारतीय भाषांत काम केलेल्या कुठल्याही पायथन २ च्या विकासकाला त्या पाहताच आठवतील. पायथन २ मध्ये साधी अक्षरमाला (स्ट्रिंग, म्हणजे मजकुराचा तुकडा) ही खरं तर बाइटांची माळ होती आणि न सांगता रूपांतर करताना ते अ‍ॅस्की, म्हणजे फक्त इंग्रजी अक्षरांचा जुना संकेत, गृहीत धरायचं. ज्यांचा सगळा मजकूर इंग्रजी, त्यांना हे वर्षानुवर्षं खटकलं नसेल. आपल्याकडे पहिलं नाव साठवलं की युनिकोडडीकोडएरर ही चूक. मग कुणीतरी कुठूनतरी त्या दोन ओळी आणून चिकटवायचं आणि चूक दिसेनाशी व्हायची. पायथन ३ ने अक्षरं आणि बाइट कायमचे वेगळे केले. अनेकांना तो नसता उपद्व्याप वाटला. मराठी मजकुरावर काम करणारी म्हणून मी ठामपणे म्हणते, की तो बदल आपल्या बाजूचा होता. 'मराठी' हा शब्द पायथन २ च्या साध्या अक्षरमालेत पंधरा लांबीचा होता. पायथन ३ मध्ये तो पाच आहे.

गप्प चुका

पंधरा आणि पाच. इथेच ती ओळ येते.

आमचा अहवालाचा भाग जँगोला बगल देऊन थेट डेटाबेसमधून नावं उचलायचा, त्यामुळे हातात बाइट यायचे. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह युटीएफ-८ मध्ये तीन बाइटांचं. मूळ लिहिणाऱ्याने पाहिलं असणार, की लांबी तिप्पट येते आहे आणि रकाने विस्कटताहेत. त्याने तीनने भागलं. नाव आणि आडनावामधली मोकळी जागा एकाच बाइटची असते, पण पूर्णांक भागाकारात तेवढा फरक गिळला जायचा. अंदाजे जमत होतं.

पायथन ३ वर ती ओळ पहिल्यांदा चालली तेव्हा तीही ओरडली : अपूर्णांकाने अक्षरमालेला गुणता येत नाही. आमच्यातल्या एकाने चूक वाचली, एका तिरक्या रेघेच्या दोन केल्या, चूक गेली. बदल तपासून मंजूर करणारी मी. मला तो बरोबर वाटला, कारण पायथन ३ वर जाताना भागाकाराची दुरुस्ती अशीच करतात. पण आता लांबी पाच येत होती आणि तिला तीनने भागून एक येत होता. ओळ निमूट चालायची आणि प्रत्येक नावापुढे गरजेपेक्षा जास्त जागा सोडायची. नाव जेवढं लांब, तेवढी पुढची रक्कम उजवीकडे सरकलेली.

चाचणीच्या याद्या आम्ही ज्या संस्थेला पाठवायचो, तिथले एक ज्येष्ठ लेखनिक ती फाइल नोटपॅडमध्ये उघडून छापून घेत. त्यांचा फोन आला : "मॅडम, यादीत रकमा नाचताहेत. जुनी यादी बघा, नवी बघा." दोन्ही कागद शेजारी ठेवल्यावर मला तीनचा अर्थ कळला. दुरुस्तीला पाच मिनिटं लागली. पण आपण चुकीमागचं कारण दूर न करता तिचं तोंड बंद केलं होतं, हे मनातून जाईना. २०११ मधल्या त्या माणसाने नेमकं हेच केलं होतं आणि त्याच्यावर आम्ही मनसोक्त टीका केलेली होती.

त्या दिवसापासून पद्धत बदलली. प्रत्येक अहवाल जुन्या पायथनवर चालवायचा, निघालेली फाइल जपून ठेवायची, मग नव्यावर चालवून दोन्ही फाइली ओळीनिशी ताडायच्या. फरक दिसला तर तो का, हे एका वाक्यात लिहिता आल्याशिवाय पुढे जायचं नाही. कोड वाचून पटणं पुरेसं धरायचं नाही.

दुसरी गप्प चूक याच पद्धतीने सापडली आणि ती जास्त भयंकर होती. एका संस्थेचं जुनं सभासद रजिस्टर डॉसच्या काळातलं होतं, सी-डॅक या सरकारी संस्थेच्या, संगणकात भारतीय लिप्या आणणाऱ्या जिस्ट कार्डावर भरलेलं. त्यातली अक्षरं इस्की या भारतीय लिप्यांच्या जुन्या संकेतात होती : प्रत्येक चिन्हाला एक बाइट, 'क' म्हणजे १७९, असं. पायथनच्या मूळ साठ्यात इस्कीचं रूपांतर मिळत नाही, म्हणून आमच्याकडे हाताने केलेला तक्ता होता. बाइट घ्यायचा, तक्त्यात शोधायचा, देवनागरी अक्षर ठेवायचं, सापडलं नाही तर मोकळं सोडायचं. पायथन २ मध्ये फाइलमधला एकेक बाइट एका अक्षराची अक्षरमाला म्हणून हातात येई. पायथन ३ मध्ये तो आकडा म्हणून येतो. तक्त्याच्या किल्ल्या अक्षरमाला, शोधायला आकडा, त्यामुळे एकही अक्षर सापडलं नाही. आणि सापडलं नाही तर मोकळं सोडायचं, हे आम्हीच सांगून ठेवलेलं. आयात यशस्वी झाली. सभासद क्रमांक बरोबर, शिल्लक बरोबर, आणि प्रत्येक नाव कोरं. एकही चूक नोंदली गेली नाही.

फाइली ताडल्या नसत्या तर हे कधी कळलं असतं, याचा विचार मी अजूनही करते. त्या तक्त्यात 'नसेल तर मोकळं' हा निर्णय कुणीतरी एका सेकंदात घेतला असेल. तो निर्णय म्हणजे 'असं कधी होणार नाही' असं एक विधान होतं, फक्त ते विधानाच्या रूपात लिहिलेलं नव्हतं. आता तिथे तक्त्यात नसलेला बाइट आला की कार्यक्रम थांबतो.

एक रुपया

तिसरी चूक व्याजाची.

३१ मार्च २०१९ ला बचत खात्यांचं सहामाही व्याज जमा व्हायचं होतं. प्रत्यक्ष काम जुन्या प्रणालीवरच करायचं, पण त्याच रात्री नव्या प्रणालीवरही तेच व्याज काढून पाहायचं असं ठरलं. सकाळी दोन्ही तेरीज पत्रकं समोर ठेवली. जुळेनात. फरक रुपयांचा, हजारांचा नाही, आणि तेच जास्त त्रासदायक. मोठा फरक असता तर कारण मोठं असतं.

खातेनिहाय फरक काढला. मोजकी खाती, प्रत्येकात बरोबर एक रुपया, आणि प्रत्येक वेळी नवी प्रणाली कमी देत होती. दुपारपर्यंत आम्ही दिवसांची मोजणी, दर, लीप वर्ष सगळं चाळलं. शेवटी कागदावर त्या खात्यांची पूर्णांक करण्याआधीची व्याजं लिहून काढली. ६२ रुपये ५० पैसे. १०४ रुपये ५० पैसे. ३८ रुपये ५० पैसे. सगळी पन्नास पैशांवर अडलेली आणि रुपये सगळ्यांचे सम. ६३ रुपये ५० पैसे असलेलं एकही खातं फरकाच्या यादीत नव्हतं.

पायथन २ चं 'राउंड' अर्धा आला की वर जायचं. पायथन ३ चं जवळच्या सम संख्येकडे जातं. ६२.५ चे पूर्वी ६३ होत, आता ६२. ६३.५ चे दोन्हीकडे ६४. सांख्यिकीच्या दृष्टीने नवी पद्धत चांगली आहे, ती बेरजा एका बाजूला झुकू देत नाही. तिला इंग्रजीत नावही बँकेवरूनच पडलं आहे. पण आमच्या ठेवीदाराला एक रुपया कमी मिळत होता.

संस्थेच्या लेखापालांना मी हे फोनवर समजावलं. त्यांनी शांतपणे विचारलं, "मॅडम, सभासद पासबुक घेऊन आला की मी त्याला काय सांगू? पायथन बदललं म्हणून?"

मग आम्ही तो प्रश्न विचारला जो २०११ मध्ये विचारायला हवा होता : तुमच्या संस्थेत पन्नास पैशांचं काय करायचं? सगळ्या संस्थांना विचारलं. बहुतेकांनी सांगितलं, पन्नास आणि त्याहून जास्त असेल तर वरचा रुपया. एक संस्था म्हणाली, आम्हाला पैशापर्यंत हवं आहे, आम्ही पूर्वीच सांगितलं होतं. कुणीही लेखी नियम कधी मागितलाच नव्हता. आठ वर्षं पायथन २ चा नियम हाच संस्थेचा नियम होऊन बसला होता आणि तो बहुतेकांच्या रीतीशी योगायोगाने जुळत होता.

व्याजाचा हिशेब अपूर्णांकांच्या साध्या प्रकारात होता, तोही काढला. पायथनमध्ये पैशाच्या हिशेबासाठी डेसिमल मॉड्यूल २००४ पासून आहे. त्यात पूर्णांक करण्याची पद्धत नाव घेऊन सांगता येते. आता प्रत्येक संस्थेच्या नोंदीत ती पद्धत साठवलेली आहे, ठरावाच्या तारखेसह. उद्या भाषेने आपलं मत पुन्हा बदललं तरी सभासदाच्या रुपयाला धक्का लागणार नाही.

जुलै २०१९ आणि नंतर

जुलैत एका लहान संस्थेपासून सुरुवात केली. एकच शाखा, समंजस व्यवस्थापक. दोन आठवडे रोज दिवसअखेर दोन्हीकडे काढली. मग बाकीच्या संस्था, सप्टेंबरअखेरचं व्याज लागण्याआधी. ते व्याज नव्या प्रणालीवर लागलं आणि कुणाचा फोन आला नाही.

काय वेगळं केलं असतं? पायथन २.७ लाच '-३' असा पर्याय देऊन चालवलं तर ते पुढे अडणाऱ्या जागा सांगतं, जुन्या भागाकारासकट. हे आम्हाला काम अर्धं झाल्यावर समजलं. तो पर्याय २०१५ मध्ये रोजच्या टेस्टमध्ये घातला असता तर तीनने भागणारी ओळ आम्हाला तेव्हाच भेटली असती, घाई नसताना. भविष्यातला भागाकार फाइलनिहाय चालू करायची सोय तर आणखी जुनी. हे सगळं भाषेच्या प्रत्येक आवृत्तीसोबत येणाऱ्या 'नवीन काय' या पानांवर लिहिलेलं होतं. मी ती पानं कधी पूर्ण वाचली नव्हती. तीन कोर्सना मिळून गेलेल्या वेळेत ती सगळी वाचून झाली असती. आता कोर्स कमी करते, ती पानं शेवटपर्यंत वाचते, आणि वाचताना शेजारी आमचा कोड उघडा ठेवते.

पायथन २ ची शेवटची आवृत्ती, २.७.१८, २० एप्रिल २०२० ला निघाली. देशात तेव्हा टाळेबंदी होती, पतसंस्था निम्म्या माणसांवर चालल्या होत्या आणि आम्ही घरून मार्चअखेर काढत होतो. त्या महिन्यात स्थलांतर उरलं असतं तर काय झालं असतं, यावर आमच्यात कधी बोलणं झालेलं नाही.

पायथनची नवी आवृत्ती आता दरवर्षी ऑक्टोबरमध्ये येते आणि तिला पाच वर्षं दुरुस्त्या मिळतात. आम्ही दर जुलैत एक पायरी चढतो. गुरुवार टिकला आहे, पूर्ण दिवसाऐवजी अर्धा. २०२३ मधल्या ३.१२ ने डिस्टयूटिल्स हे जुनं मॉड्यूल काढून टाकलं. त्याची सूचना दोन आवृत्त्या आधीपासून आमच्या टेस्टमध्ये दिसत होती, म्हणून ते काम एका गुरुवारी दुपारी संपलं.

नावांच्या रकान्याचं काम मात्र अजून चालू आहे. लांबी पाच आली तरी डोळ्यांना 'मराठी'त तीनच अक्षरं दिसतात : म, रा, ठी. म्हणून आम्ही आता चिन्हं मोजत नाही, दिसणारे अक्षरगट मोजतो, त्यासाठी एक लायब्ररी वापरतो. पण युनिकोडच्या जुन्या नियमात जोडाक्षर हलन्तापाशी तुटायचं. 'ज्ञानेश्वर' म्हणजे बाइट तीस, चिन्हं दहा, जुन्या नियमाने गट सहा, आणि आपण वाचतो ती अक्षरं चार. सप्टेंबर २०२३ मधल्या युनिकोड १५.१ ने जोडाक्षर एकत्र ठेवायचा नियम आणला. आपली लायब्ररी तो नियम ज्या दिवशी स्वीकारील त्या दिवशी सहाचे चार होतील आणि याद्यांतल्या रकमा दोन घरं सरकतील. ज्ञानेश्वर, लक्ष्मण, सरस्वती आणि श्रीकृष्ण ही चार नावं आमच्या टेस्टमध्ये घालून ठेवली आहेत. प्रत्येकापुढे आजचा आकडा आहे, आणि तो का बदलेल याची एक ओळ मराठीत.